दुपारी एकचा आवाज कुणाचा?

महिना संपत आला की आमच्या जिल्ह्याचं आकाशवाणी केंद्र पुढच्या महिन्याचे ठळक कार्यक्रम सांगतं. निवेदिका ते रेशनच्या यादीसारखं वाचते. अमुक तारखेला भजन, तमुक तारखेला मधुमेहावर डॉक्टरांची मुलाखत, मग शेतकऱ्यांसाठी हळदीची लागवड. दोन मिनिटांत यादी संपते. फार थोड्या जणी ती कान देऊन ऐकत असतील. मी ऐकते आणि दिनदर्शिकेच्या चौकटीत, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीनं लिहूनही ठेवते.

परवाच्या यादीत एक वाक्य सहज येऊन गेलं. महिलांचा दुपारचा कार्यक्रम यापुढे सोमवार ते शुक्रवार नाही, फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. बस्स, एवढंच. कारण नाही, दिलगिरी नाही. उरलेल्या तीन दुपारी काय, तर मोठ्या केंद्रावरून सहक्षेपण.

धाकट्या जावेला सांगितलं तर ती हसली. ‘‘अहो ताई, रेडिओचं काय घेऊन बसलात? मोबाइलवर सगळं मिळतं की!’’

सगळं मिळतं हे खरंच. पण मैत्रिणींनो, मोबाइलला डोळे लागतात आणि एक हात लागतो. पापड लाटताना, शिलाईवर बसल्यावर, गोठ्यात शेण काढताना हे दोन्ही कुठून आणायचे? मोकळे असतात ते फक्त कान. शिवाय मोबाइल मला अमेरिकेतली बाई केक कसा सजवते ते दाखवेल. आमच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कुठल्या वारी येतात, ते नाही सांगणार. ते सांगायला आपल्याच भागातलं, आपल्याच बोलीत बोलणारं कुणीतरी लागतं.

बायका आणि रेडिओ म्हटलं की आपल्याकडे लगेच गीतरामायणाची आठवण निघते. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ते सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं येत राहिलं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, असं आमच्या आजेसासूबाई सांगायच्या. सुंदरच होतं ते. पण या आठवणीचा मला जरा कंटाळाही आलाय! कारण ती काढली की आपला रेडिओ म्हणजे जुन्या काळची हळवी गोष्ट होऊन बसतो, आणि हळव्या गोष्टी बंद पडल्या तरी कुणी जाब विचारत नाही. मला रेडिओ आजच्या कामासाठी हवा आहे.

तो कसा असू शकतो, हे पाहायला लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात म्हसवड आहे. कायमचा दुष्काळी भाग. १९९७ साली जिथं बायकांनी स्वतःची सहकारी बँक उभी केली, तेच हे माणदेशी. त्याच संस्थेनं २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ सुरू केला. ९०.४ वर लागतो. तिथं बोलणाऱ्या, गाणाऱ्या बायकांमध्ये शाळेची पायरी न चढलेल्याही आहेत. जात्यावरच्या ओव्या त्यांना तोंडपाठ. पाणी, शेळ्या, कर्ज, मुलीचं लग्न, सगळं त्यांच्याच तोंडून येतं. त्याच वर्षी तिकडे तेलंगणात (तेव्हाच्या आंध्रात) ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. तो तर दलित शेतकरी बायकाच चालवतात. माइकसमोर बसायला पदवी लागते, असं त्यांना कुणी सांगितलंच नसावं!

मग सगळीकडे असेच रेडिओ काढावेत, आकाशवाणी हवी कशाला? इथंच खरी मेख आहे. सामुदायिक रेडिओचं प्रक्षेपण दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे फारसं जात नाही, कारण सरकारनं त्याला ताकदच तेवढी दिलीय. दुसरं म्हणजे त्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच बातम्या तो ऐकवू शकतो, इतकंच. खासगी एफएमलाही तेच बंधन. म्हणजे रेडिओवरून बातमी सांगायची मुभा अजून एकट्या आकाशवाणीला आहे. जिल्ह्याचं केंद्र स्वतःचं बोलणं कमी करून मोठ्या शहराला जोडून घेऊ लागलं, तर जिल्ह्याची गोष्ट सांगणारं तिथं उरतं कोण?

केंद्रातली माणसं कामचुकार आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. जो आवाज आपण रोज ओळखतो, तो बहुतेक वेळा नैमित्तिक निवेदिकेचा असतो. तिला महिन्यात जास्तीत जास्त सहा ड्यूट्या मिळतात. सहा! त्यावर घर चालत नाही. ती सकाळी शिकवण्या घेते, नाहीतर दुकान सांभाळते, आणि एस.टी.नं धापा टाकत केंद्रावर पोचून आपल्याला मधाळ आवाजात ‘नमस्कार’ म्हणते. दिवस कमी झाले की पहिली कात्री तिच्या ड्यूट्यांना लागणार. बायकांचा कार्यक्रम कमी झाला याचा हाही एक अर्थ आहे, तो यादीत वाचून दाखवत नाहीत.

आता जरा कडू बोलते. जे दोन दिवस राहिलेत त्यांत काय असतं? शंकरपाळ्या खुसखुशीत कशा कराव्यात. केस गळतात तर काय लावावं. शंकरपाळ्या मलाही आवडतात, पण दर दिवाळीला त्याच? एक साधी गोष्ट घ्या. मार खाल्लेल्या, घराबाहेर काढलेल्या बाईसाठी ‘सखी वन स्टॉप सेंटर’ ही सरकारी सोय २०१५ पासून आहे. आसरा, वकील, डॉक्टर, पोलिसांची मदत एका ठिकाणी. १८१ ही मदतवाहिनी आहे. आमच्या भिशीत विचारलं, हे केंद्र आपल्या जिल्ह्यात कुठं आहे? चौदा जणींपैकी एकीलाही सांगता आलं नाही. रेडिओनं महिनाभर रोज फक्त पत्ता सांगितला असता तरी चाललं असतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. त्याच्या बातम्या झाल्या. पण ज्या घरात परवा कुणी गेलंय, तिथं बांगड्या फोडायला पुढे येणाऱ्या मोठ्या जावेला कसं थोपवायचं, हे मला हेरवाडच्या बाईकडून ऐकायचंय. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. त्यांच्यातली एखादी सलग अर्धा तास, तिच्या बोलीत, कुणी मध्ये न तोडता बोलतेय, असा कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या यादीत का नसावा? एस.टी.च्या आगारप्रमुखांना तासभर फोनवर बसवा ना, मुलींच्या कॉलेजच्या वेळेची गाडी का रद्द होते ते विचारू. बघा, फोन लागणार नाही इतकी गर्दी होईल!

‘‘आपण ओरडून काय होणार?’’ असं म्हणणाऱ्यांसाठी. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला होता. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर ज्यांचा दिवस सुरू होतो, अशा श्रोत्यांनी, पत्रकारांनी, लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला. निर्णयाला स्थगिती मिळाली. पुण्याला आवाज मोठा आहे हे मान्य. पण आपल्या तालुक्यांची बेरीज काही लहान नाही.

मी केंद्राला पत्र टाकलंय, भिशीतल्या अकरा जणींनीही. तुम्ही लिहिणार असाल तर एक करा. नुसतं ‘कार्यक्रम आवडतो’ असं लिहू नका, त्या पत्रांचा गठ्ठा बांधून ठेवतात. कार्यक्रमाचं नाव, वार, वेळ लिहा, काय ऐकायचंय ते लिहा, आणि बोलायला कोण येऊ शकेल तेही सुचवा. आमच्या शेजारच्या मावशींनी स्वतःचंच नाव सुचवलंय. विषय लिहिलाय : नवऱ्याच्या पश्चात सातबाऱ्यावर नाव लावून घेताना तलाठी कार्यालयात घातलेल्या एकवीस फेऱ्या. अर्धा तास पुरायचा नाही, असंही खाली लिहिलंय.