‘पेशंटच्या नकळत’ दारू सुटत नाही

लोकलच्या डब्यात, एस. टी. स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर एक जाहिरात आपण सगळ्यांनीच वाचलेली आहे. ‘दारू सोडवा, पेशंटच्या नकळत.’ खाली फोन नंबर. ही जाहिरात इतकी वर्षे टिकून आहे, त्या अर्थी तिला गिऱ्हाईक असणार. ते गिऱ्हाईक कोण, हे मला दवाखान्यात बसून चांगले ठाऊक झाले आहे. बहुधा ती बायको असते, कधी आई, अलीकडे कॉलेजात जाणारी मुलगीसुद्धा. सर्दी-खोकल्याचे निमित्त काढून येते, बाकीचे पेशंट जाईपर्यंत थांबते आणि मग आवाज खाली करून विचारते, “डॉक्टर, ह्यांना कळू न देता काही देता येईल का? भाजीत, वरणात घालता येईल असं?”

मी नाही म्हणतो. तिला राग येतो, वाईटही वाटते. म्हणून या नकारामागची कारणे एकदा नीट सांगावीत, असे बरेच दिवस मनात होते.

पहिले कारण निव्वळ वैद्यकीय आहे. दारू सोडण्यासाठी मदत करणारे डायसल्फिरम नावाचे औषध खरोखरच आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ते पुढे आणले. पोटात गेलेल्या दारूचे यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग त्याचे निरुपद्रवी आम्ल बनते. डायसल्फिरम ही दुसरी पायरी अडवून धरते. त्यावर कुणी दारू घेतली, की विष अंगात साचते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असला तर जीवही जाऊ शकतो. ज्याने हे औषध समजून-उमजून घेतले आहे, त्याला ही भीतीच आधार देते. ज्याच्या वरणात ते गुपचूप घातले आहे, त्याच्यासाठी मात्र तो सापळा आहे. आणि पुडीत डायसल्फिरम नसेल, तर काय आहे ते विकणाराच जाणे.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. दारूच्या आजारात जे जे वाईट घडते, ते बहुतेक सगळे नकळतच घडते. सुरुवात नकळत होते, शरीर नकळत खराब होते, घर नकळत त्या आजाराभोवती फिरू लागते. बरे होणे तेवढे नकळत होत नाही.

सुरुवातच पाहा. आपल्या भाषेने पिण्यासाठी किती गोंडस आडपडदे शोधून ठेवले आहेत! कुणी ‘पीत’ नाही. ‘घेतो कधीमधी’. मित्र विचारतात, ‘बसायचं का?’ दीप अमावास्येची आपण ‘गटारी’ करून टाकली आणि तिच्यावर दरवर्षी तेच विनोद करतो. एकतीस डिसेंबरच्या रात्री पकडलेल्यांना वर्तमानपत्रे ‘तळीराम’ म्हणतात आणि वाचणारे हसतात. हा तळीराम गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला, हे कित्येकांना ठाऊक असते; पण त्याच नाटकात सिंधूही आहे, हे हसताना आठवत नाही.

दुसरा आडपडदा हिशेबाचा. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हिशेब असा आहे. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २६ मिली. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली घेतली, तर तिच्यात ५२ मिली. म्हणजे ‘फक्त एक बिअर’ हे दोन मोठे पेग झाले. यकृताला देशी, विदेशी, बिअर, वाइन हे भेद कळत नाहीत. त्याला अल्कोहोल तेवढे कळते.

तिसरी गोष्ट, ‘त्याला चढतच नाही’ हे आपण कौतुकाने सांगतो. डॉक्टरच्या कानाला ही धोक्याची घंटा आहे. चढत नाही याचा अर्थ मेंदूने रोजच्या दारूशी जुळवून घेतले आहे. त्याच परिणामासाठी आता जास्त लागते आणि ती मिळाली नाही, की जुळवून घेतलेला मेंदू बिथरतो. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो, घाम फुटतो, झोप उडते, चिडचिड होते. मग ती थरथर थांबवण्यासाठी सकाळीच घोटभर घ्यावी लागते. या टप्प्यावर माणूस मजेसाठी पीत नसतो, नुसते ठीक वाटावे म्हणून पीत असतो. ‘मनात आणलं तर आज सोडीन’ असे तो म्हणतो तेव्हा खोटे बोलत नसतो. त्याला ते खरेच वाटत असते.

हा टप्पा ओळखायचा कसा? जॉन युइंग या अमेरिकी डॉक्टरांनी तयार केलेले चार साधे प्रश्न १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. जगभरचे डॉक्टर ते आजही विचारतात. पिणे कमी करायला हवे, असे तुम्हाला कधी वाटले आहे का? तुमच्या पिण्यावर कुणी बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्या उठल्या कधी घ्यावी लागली आहे का? दोन किंवा जास्त उत्तरे ‘हो’ असतील, तर डॉक्टरांकडे जाऊन मोकळेपणाने बोलायला हवे. हे प्रश्न बायकोने नवऱ्याची उलटतपासणी घेण्यासाठी नाहीत. ज्याने त्याने स्वतःला विचारायचे आहेत.

आता शरीराकडे वळू. यकृत हा फार सोशिक अवयव आहे. त्यात चरबी साठू लागते तेव्हा बहुधा काहीही दुखत नाही. पुढे सूज येते, मग जागोजाग वण पडून ते कडक होते. त्यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. पोटात पाणी भरते, डोळे पिवळे होतात, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, तेव्हा घरच्यांना ‘अचानक’ आजार झाला असे वाटते. तो दहा-वीस वर्षे चाललेला असतो. स्वादुपिंडाला सूज येते, रक्तदाब वाढतो, ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या अभावी स्मरणशक्ती ढासळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही त्याच गटात आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणचा कर्करोग दारूशी जोडलेला आहे. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ हे वाक्य अजून पार्ट्यांमधून ऐकू येते. आरोग्याच्या दृष्टीने दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगून टाकले आहे.

यात दिलासा देणारी गोष्टही आहे. यकृतात नुसती चरबी साठली असेल, तर दारू पूर्ण थांबवल्यावर काही आठवड्यांत ते पूर्वपदावर येऊ शकते. सिऱ्हॉसिस झाल्यावरही थांबणाऱ्याचे आयुष्य न थांबणाऱ्यापेक्षा वाढते. ‘आता काय उपयोग?’ असे म्हणण्याची वेळ फार क्वचित येते.

मग माणसे उपचाराला का येत नाहीत? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांतल्या सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. व्यसनाच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेले ३७ कुठे आहेत? ते आपल्या घरांत आहेत. त्यांची बायको ऑफिसात फोन करून ‘ह्यांना ताप आहे’ सांगते. आई पेन्शनमधून उधारी फेडते. भाऊ रात्री गटाराजवळून उचलून आणतो आणि सकाळी कुणी त्यावर बोलत नाही. मुले मित्रांना घरी आणायचे बंद करतात. लग्नाआधीचा मुलगा असेल, तर ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून कुणाच्या तरी मुलीच्या गळ्यात बांधतात. पिणारी बाई असेल, तर झाकपाक दुप्पट. आणि बाईच्या शरीराला कमी दारूनेही जास्त इजा होते. हे सगळे प्रेमापोटी, अब्रूपोटी होते. पण त्यामुळे पिणाऱ्याला आपल्या पिण्याची किंमत कधी दिसतच नाही. ती घरचे परस्पर भरत राहतात. वरणातली पुडी ही या लपवाछपवीचीच शेवटची पायरी आहे.

एक इशारा इथे दिला पाहिजे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने देवापुढे शपथ घेऊन एका रात्रीत दारू बंद केली, की कधी कधी पहिल्या दोन दिवसांतच फिट येते. दोन-चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे, किडे दिसू लागतात. यात जीव जाऊ शकतो. सोडणे उत्तमच, पण अशा माणसाने ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे. काही दिवस औषधे आणि ‘ब-१’ची इंजेक्शने मिळाली, तर हा घाट सुरक्षितपणे उतरता येतो. घरच्यांनी कोंडून ठेवणे हा उपचार नाही.

घाट उतरला की खरे काम सुरू होते. गडकऱ्यांच्या नाटकातला बुद्धिमान वकील सुधाकर दारूतून सुटत नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने महाराष्ट्राच्या मनावर ठसवले, की पहिला प्याला घेतला तो संपला. त्या काळी तसेच दिसत असेल. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या ॲक्रन गावी वेगळे काही घडले. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस धंद्यासाठी तिथे आला होता. काही महिने तो दारूपासून दूर होता. धंद्याचे काम फसले आणि हॉटेलातल्या बारचा मोह पडू लागला. वाचण्यासाठी त्याने फोन फिरवून आपल्यासारखाच दारूत बुडालेला माणूस शोधला. तो निघाला बॉब स्मिथ नावाचा शल्यविशारद. दोघे तासन्‌तास बोलले. यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. आज तिच्या सभा महाराष्ट्रात मराठीतूनही भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. उभे राहून आपल्या तोंडाने सांगायचे, ‘मी मद्यपी आहे’, आणि आजचा एक दिवस प्यायचे नाही. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’चे वेगळे गट आहेत.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. गर्दच्या व्यसनावरचे अवचटांचे लेखन वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली होती. दाखल झालेल्यांत पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने आले. तिथे औषधांइतकेच महत्त्व गटात बोलण्याला, रोजच्या शिस्तीला, घरच्यांना सोबत घेण्याला दिले गेले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथे नव्यांना हात देतात.

आणि माळ? आपल्याकडे वारकरी होऊन, गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसे गावोगाव आहेत. ॲक्रन, पुणे आणि पंढरीची वाट या तिन्हींत मला एक गोष्ट सारखीच दिसते. माणूस स्वतः चारचौघांत सांगतो, की मी सोडतो आहे. माळ साऱ्या गावाला दिसते. आणि सांगितल्यावर तो एकटा राहत नाही. गट असतो, दिंडी असते. नेमक्या याच दोन गोष्टी पुडीत नसतात.

यानंतरही काही जण पुन्हा पितात. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली, तर आपण त्याला ‘बेइमान’ म्हणत नाही, औषध तपासतो. इथेही तेच करावे. हव्यास कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आज उपलब्ध आहेत. मात्र आजार म्हटले म्हणून बायकोने मार खात राहावे, असे मुळीच नाही. आजाराला उपचार आणि मारहाणीला कायदा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्यासाठीच आहे. “मी तुमच्या ऑफिसात खोटं सांगणार नाही, उधारी फेडणार नाही, डॉक्टरांकडे येणार असाल तर मात्र आत्ता तुमच्याबरोबर येते,” हे वाक्य तो शुद्धीवर असताना, शांतपणे, सकाळी बोलायचे. कोणत्याही पुडीपेक्षा त्याची ताकद जास्त आहे. कुणाला विचारावे हे सुचत नसेल, तर सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

राहिलो आपण, म्हणजे ज्यांच्या घरात हा प्रश्न नाही, असे आपल्याला वाटते ते. कुणी दारू सोडली, की त्याची सर्वांत मोठी परीक्षा घरात होत नाही. ती लग्नाच्या आदल्या रात्री, ऑफिसच्या पार्टीत, गटारीच्या बैठकीत होते. तो ‘नको’ म्हणतो आणि कुणी तरी जुना दोस्त ग्लास पुढे करून म्हणतो, “घे रे, एकानं काय होतंय?” दारू सोडणाऱ्याचे धैर्य आपल्यात नसेल, तर नसो. निदान त्याचे ‘नको’ पहिल्याच वेळी ऐकावे आणि त्याच्या हातात लिंबू सरबत देऊन विषय बदलावा.