आधी वजन, मग रबर

घरी बनवलेल्या रिकम्बंट, म्हणजे रेलून चालवायच्या, ट्राइकच्या मागच्या चाकाच्या सस्पेन्शनला कोणते रबर बसवावे, हा प्रश्न आपल्या वाचकांत वारंवार निघतो आणि त्याचे उत्तर स्पेअरपार्टच्या दुकानात शोधले जाते. स्कूटरच्या शॉकअपचा बुश, ट्रॅक्टरचा सायलेंट ब्लॉक, मोटारसायकलच्या हबातले रबर, जे मिळेल ते आणायचे, त्याच्या मापाची वाटी वेल्ड करायची आणि मग गाडी कशी चालते ते बघायचे. हा क्रम उलटा झाला पाहिजे.

साध्या सायकलवर खड्डा आला की माणूस पेडलवर उभा राहतो. रेलून बसलेल्याला ती सोय नाही, दणका थेट कमरेत जातो. शिवाय तीन चाकांच्या तीन वाटा, दोन चाकांनी चुकवलेला खड्डा तिसऱ्याला सापडतो. आपल्या उदगीर भागात काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचे डांबर उंचसखल होऊन बसते. इथे सस्पेन्शन ही चैन नव्हे.

म्हणून सुरुवात वजनापासून. पुढची दोन चाके काट्याच्या उंचीच्या फळ्यांवर आणि मागचे चाक काट्यावर ठेवा, चालकाला नेहमीसारखे बसवा आणि आकडा लिहून घ्या. चालक आणि गाडी मिळून ९० किलो असतील, तर पुढे दोन चाके असलेल्या ट्राइकमध्ये मागच्या चाकावर साधारण तिसरा हिस्सा येतो. ३० किलो धरू. आता मागचे चाक धरणारी, सांध्याभोवती फिरणारी भुजा बघा. सांध्यापासून आसापर्यंत ४० सेंटिमीटर आणि रबर सांध्यापासून १० सेंटिमीटरवर असेल, तर रबरावर चौपट, म्हणजे १२० किलो भार येतो. चाक ४ सेंटिमीटर उचलले की रबर १ सेंटिमीटर दबते. चालक नुसता बसल्यावर रबर उंचीच्या १५ टक्क्यांपलीकडे दबू नये, असे धरून चला. ४० मिलिमीटर उंचीचा ठोकळा मग ६ मिलिमीटर दबेल आणि आस सुमारे २४ मिलिमीटर वर सरकेल. खड्ड्यात भार दुपटीवर जातो, तेवढी जागा राखूनच भुजेचा थांबा लावावा.

यानंतरची चूक सर्वांत जास्त दिसते. रबर इकडेतिकडे सरकू नये म्हणून ते पाइपात घट्ट बसवतात आणि वरून दट्ट्या देतात. रबर दाबले की त्याचे आकारमान जवळजवळ घटत नाही, ते फक्त बाजूंना फुगते. फुगायला जागाच नसेल तर तो ठोकळा लोखंडासारखा वागतो आणि चालक म्हणतो, रबर कडक निघाले. रबर चांगलेच असते, त्याला कोंडलेले असते. सभोवती मोकळी जागा ठेवा आणि ठोकळा जागेवर धरायला मधून एक खिळा पुरतो. याच कारणाने पातळ चकती उंच ठोकळ्यापेक्षा कितीतरी ताठ असते. उड्डाणपुलाच्या खांबावरचे बेअरिंग रबर आणि पोलादी पत्र्यांचे थर एकमेकांना चिकटवून बनवतात ते यासाठीच. पुलाला ताठपणा हवा असतो, आपल्याला नको.

दुकानदाराकडे कडकपणा विचारताना शोअर ए हा आकडा विचारा. ४० आणि ६० यांत फरक थोडा वाटतो, पण ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो. वरच्या उदाहरणात ५० मिलिमीटर व्यासाचा, ६० च्या आसपासचा ठोकळा जमून येतो. कारखान्यातही ५ अंक इकडेतिकडे होणे मान्य असते, त्यामुळे छापील आकड्यावर विसंबू नका. मोंढ्यातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर ठोकळा ठेवा, वर पक्की तुळई आणि मध्ये जॅक. दर २० किलोला व्हर्नियरने उंची मोजली की तुमच्या रबराचा खरा स्वभाव कागदावर उतरतो.

नैसर्गिक रबर लवचीक, दणका परत देताना कमी तापणारे, म्हणून माझी पहिली पसंती त्यालाच. पण ऊन, ओझोन आणि तेल हे त्याचे शत्रू. चेनचे तेल उडते तिथे नायट्राइल बरे. ईपीडीएम उन्हात टिकते, तेलात नाही. पॉलियुरेथेन भार छान पेलते, मात्र सततच्या दमटपणात आणि उष्णतेत बिघडते. कोणतेही रबर कायम दाबात राहिले की काही काळाने बसते, म्हणून प्रीलोडचा, म्हणजे सुरुवातीचा दाब वाढवायचा, बोल्ट ठेवाच.

सांधा मात्र रबराचा करू नका. ट्राइक वळताना झुकत नाही, त्यामुळे मागच्या चाकावर आडवा जोर येतो. सायलेंट ब्लॉकचा सांधा असेल तर भुजा मुरडते आणि मागचे चाकच गाडी वळवू लागते. सांध्याला गनमेटल किंवा नायलॉनचा बुश द्यावा आणि रबराकडे फक्त दाबाचे काम ठेवावे.

रबराचे सस्पेन्शन नवे नाही. १९५९ च्या मिनी मोटारीत ब्रिटिश अभियंते अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी रबरी कोन वापरले आणि १९६२ मध्ये त्यांची लहान चाकांची सायकल आली, तीही रबरावर. छोट्या गाडीत रिकामे आणि भरलेले वजन यांत मोठा फरक पडतो, म्हणून भार वाढेल तसे ताठ होणारे रबर त्यांना हवे होते. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सायकल रिक्षाला गिअर, मागच्या चाकाचे ब्रेक आणि बरे सस्पेन्शन दिले. संस्थेचे डॉ. अनिल राजवंशी यांनी २००२ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लिहिले आहे. माणसाच्या श्रमाने चालणाऱ्या गाडीची आखणीही मोटारीइतक्या गांभीर्याने व्हावी, हा त्या कामाचा मोठेपणा.

हे ज्ञान शौकिनांच्या ट्राइकपुरते राहू नये. गावोगाव दिव्यांगांच्या हातपेडलच्या तीनचाक्या दुरुस्तीला येतात. त्यांची चौकट बहुधा ताठ असते आणि दिवसभर त्यावर बसणाऱ्याला गचके सोसावे लागतात. अशी गाडी तुमच्याकडे आली तर आसनाखाली चार रबरी ठोकळे बसवून द्या, बसणाऱ्याचे वजन आधी काट्यावर घेऊन. आणि ती मोजमापे आम्हाला पाठवा: ठोकळ्याची उंची, व्यास, दर २० किलोला किती दबला, आणि मे महिन्याच्या दुपारी पुन्हा मोजल्यावर किती फरक पडला.