कर्जाचा वकील आणि कोठडीतील मुलगा

मुंबईच्या कंपनी विधी न्यायाधिकरणात थकलेल्या कर्जाचे प्रकरण उभे राहते, तेव्हा दोन्ही बाजूंचे निष्णात वकील करारनाम्याची ओळन्‌ओळ आणि खतावणीतील प्रत्येक तारीख डोळ्यांत तेल घालून तपासतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर या वकिलीला बरकत आली. बुद्धिमान तरुणांचा ओढा तिकडे असावा, यात नवल नाही. प्रश्न इतकाच की, हे सारे कसब धनकोंच्या आणि कंपन्यांच्याच कामी यावे काय?

मार्च २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल या संदर्भात मननीय आहे. पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, असे न्यायालयाने मान्य केले व त्याला मुक्त केले. गुन्हा भीषण होता, हे निर्विवाद. परंतु बालकाला फाशी देता येत नाही, हेही तितकेच निर्विवाद होते. त्याच्या आयुष्याची २८ वर्षे तुरुंगात गेली. निर्णायक ठरला तो राजस्थानातील एका शाळेचा जन्मतारखेचा दाखला! बँकेचे कागद ज्या चिकाटीने धुंडाळले जातात, त्या चिकाटीने हा एक कागद कोणी वेळीच शोधला असता तर?

कायद्याची वाण नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेसाहाय्याचे तत्त्व घटनेत आणले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक बालकाला, उत्पन्नाची अट न घालता, या साहाय्याचा हक्क दिला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला जामीन देणे हाच नियम आहे, आणि वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. पण तो मांडावयास कोणी तरी उभे राहावे लागते.

म्हणून वित्तीय दावे चालविणाऱ्या वकिलांनी महिन्यातील दोन दिवस बाल न्याय मंडळासमोरील मुलांसाठी द्यावेत. फौजदारी कामातील अनुभवी सहकाऱ्यांकडून शिकावे आणि कागद शोधण्याचे आपले कौशल्य त्यांना द्यावे. गरजूंना विनामूल्य साहाय्य हे वकिलाचे श्रेष्ठ कर्तव्य असल्याचे बार कौन्सिलचे नियमही सांगतात.

मात्र या सेवाभावाच्या आड शासनाला लपू देता कामा नये. मोफत साहाय्य देणाऱ्या वकिलाला पुरेसे मानधन आणि दाखले मिळविण्याचा खर्च सरकारी तिजोरीतूनच मिळाला पाहिजे. गरिबाच्या मुलाचा बचाव कोणाच्या औदार्यावर अवलंबून राहणे समाजवाद्यांना मान्य होणार नाही.