ओटीपी आला काय रे?

तुमच्या ऑफिसात वरूड-मोर्शीकडचा एखादा कलिग असेल, तर त्याच्या मोबाइलवर जरा लक्ष ठेवा. भर मीटिंगमध्ये फोन थरथरतो, पठ्ठ्या बाहेर पळतो. टीमला वाटतं, गर्लफ्रेंड! प्रत्यक्षात स्वारी कॉरिडॉरमध्ये सहा आकडे वाचून दाखवत असते. पलीकडे शेंदूरजनाघाटात खिडकीपाशी उभे असलेले बाबा... ‘‘बाबू, ओटीपी आला काय? सांग लवकर, मांगं लाइन हाय!’’

शेंदूरजनाघाट म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं, मध्य प्रदेशच्या सीमेलगतचं नगरपरिषदेचं गाव. संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेलं. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायचा, कलम तयार करायचं आणि लांबलांबच्या बागांना पाठवायचं, हा इथला जुना धंदा. (पोरांचंही तेच झालंय म्हणा. कलम इथलं, बहार पुण्यात!) फॉर्मवर ‘मोबाइल नंबर’ आला की बाबा बिनधास्त पोराचा नंबर टाकतात. अशा रीतीनं महाराष्ट्र सरकारची एक खिडकी तुमच्या जीन्सच्या खिशात उघडलेली असते.

तक्रार करू नका, कारण फायदा खरंच झालाय. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला आणि 15 रुपयांत तो घरबसल्या मिळायला लागला. आधी याच कागदासाठी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या. साहेब आहेत का, तालुक्याला गेलेत का, उद्या येतील का... आता सातबारा निघतो रात्री अकरा वाजता, पिझ्झा येईपर्यंत.

पण सातबारा हे एक पान नाही, दोन नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, बारा सांगतो तिच्यात काय पिकलं. सात तुम्ही पुण्यात बसून बघू शकता. बाराची गोष्ट वेगळी. तलाठ्यानं भरायचा हा पीकपेरा 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याच्याच हातात आला. ई-पीक पाहणी! अ‍ॅप उघडा, गट नंबर निवडा, पिकाचा फोटो काढा. अट एकच, फोटो शेतात उभं राहून काढायचा. जीपीएस सगळं बघतंय. म्हणजे इथं तुमचा ओटीपी पुरत नाही, बाबांचे पाय लागतात आणि धुऱ्यावर रेंज लागते.

आणि नोंद राहिली तर? 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारनं हेक्टरी 5 हजारांची मदत जाहीर केली, तेव्हा पहिली अट ई-पीक पाहणीचीच होती. पीक शेतात उभं होतं, विकलंही गेलं, पण अ‍ॅपमध्ये नव्हतं, असे शेतकरी यादीबाहेर. ओरड झाली, मग सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही घेतलं गेलं. आमच्या मते ही गोष्ट प्रत्येक अ‍ॅप बनवणाऱ्यानं डेस्कसमोर चिकटवून ठेवावी. ‘युजरनं डेटा भरला नाही’ हे आपल्याकडे एक तिकीट असतं. तिकडं ते घरातले 5-10 हजार रुपये असतात.

शिक्षणाचं तर विचारूच नका. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई-पुणे-नागपूर-अमरावती अशा शहरांपुरते होते. 2025 मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झाले आणि 21 मे ला, पहिल्याच दिवशी, वेबसाइट बसली! नोंदणी पुढं ढकलली. ज्या पोरीला घराजवळच्या ज्युनिअर कॉलेजातच जायचंय, तीही आता पसंतीक्रम भरते. कुणाचं काम वाढलं? ओळखा. ताई फॉर्म भरणार आणि ओटीपी दादाच्या फोनवर येणार.

एक किस्सा आपल्याच अमरावती जिल्ह्याचा. मेळघाटातलं हरिसाल 2016 मध्ये देशातलं पहिलं ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्ट आलं, जाहिरात झाली. एप्रिल 2019 मध्ये राज ठाकरेंनी ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणत त्याच गावाची दुसरी बाजू सभेत दाखवली आणि जाहिरातीत चमकलेला तरुणच स्टेजवर आणला. राजकारण सोडा. पण त्यानंतर ‘डिजिटल’ हा शब्द वऱ्हाडात कुणी उच्चारला की ऐकणारा आधी मोबाइलच्या दांड्या मोजतो, हेही खरं.

खरिपाची पाहणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात असते. पोळ्याला गावी जाणार असाल तर अ‍ॅप पुण्यातच अपडेट करून घ्या, पॉवर बँक टाका आणि पुरणपोळीच्या आधी बाबांबरोबर शेतात जाऊन या. परतण्यापूर्वी अजून एक करा. कागदोपत्री टाकलेला तुमचा नंबर काढून बाबांचा टाका. बदलायला ओटीपी लागेल, तो अर्थात तुमच्याच फोनवर येईल.