आधी मागे सरका

गणपती तोंडावर आले आहेत. गल्लोगल्ली मंडपाचे वासे उभे राहतायत, कोकणात जाणाऱ्या जादा गाड्यांची आरक्षणं कधीच भरली, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. येत्या तीन आठवड्यांत तुमच्याआमच्या नजरेला कुठेतरी एखादी पिशवी पडेल आणि तिचा मालक आसपास दिसणार नाही. हे आवाहन त्या दोन मिनिटांसाठी आहे. त्या वेळी काय करायचं ते आज, घरात बसल्या बसल्या ठरवा. तिथे उभं राहून विचार करायला डोकं जागेवर नसतं.

करायचं ते थोडं आहे. हात लावू नका. मागे सरका, बरोबरच्यांना मागे घ्या आणि लांब गेल्यावर ११२ फिरवा. रेल्वेत असाल तर १३९, नाहीतर समोर दिसेल तो पोलीस किंवा आरपीएफचा जवान. वस्तू नेमकी कुठे आहे, कशी दिसते, किती वेळ पडून आहे, ठेवणारं कोणी पाहिलं का, एवढं सांगा. फोन त्या वस्तूशेजारी उभं राहून करू नका. आणि मग तिथून निघून जा.

यातलं शेवटचंच कुणाला जमत नाही. मलाही जमलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर मी गाडीची वाट बघत होतो. बाकाखाली एक राखाडी सॅक दिसली. कंट्रोलरने दोनदा भोंग्यावरून पुकारा केला, कोणी आलं नाही. ठाण्यातले चार शिपाई आले, त्यांनी दोन गाड्यांच्या मधे दोरी बांधली. दहीहंडीला होते तशी ती दोरी दहा मिनिटांत पुढे फुगली. एका बापाने पोराला खांद्यावर घेतलं होतं, बघायला. शिपाई घसा फोडून सांगत होता, "ओ दादा, मागं व्हा की! अहो ताई, लेकराला घेऊन कुठं पुढं येताय?" आणि मी, शिकलासवरला माणूस, पानाच्या टपरीच्या पायरीवर चढून मोबाईलवर चित्रीकरण करत होतो. पायरीवरून छान दिसत होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून बॉम्ब शोधक व नाशक पथक यायला दीड तास लागला. आधी कुत्रा उतरला. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला भुंकायचं नाही, पंजाने उकरायचं नाही असं शिकवलेलं असतं. वास लागला की तो गप्प बसतो किंवा जागच्या जागी थिजतो. तो कधी बसतो याकडे श्वान हस्तकाचा जीव लागलेला असतो. आमच्यातल्या कोणीतरी त्याला च्‌ च्‌ करून बोलावलं. दुसऱ्याने वडापावचा तुकडा फेकला. कुत्र्याची मान वळली. हस्तक त्याला घेऊन मागे आला, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नाकाने काम करणारं ते जनावर अर्ध्या-पाऊण तासात थकतं, मग त्याला विसावा द्यावा लागतो. त्या वेळातली दहा मिनिटं आम्ही वड्यावर घालवली.

मग पथकातल्या एकाला स्फोटरोधक सूट चढवला. चढवला म्हणायचं, कारण तो एकट्याने घालताच येत नाही, दोघं लागतात. पस्तीस-चाळीस किलोंचा तो भार, वर जाड काचेचं शिरस्त्राण, मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागतं. हात मात्र उघडे. बोटांना तारेचा, चेनचा, कापडाच्या शिवणीचा अंदाज यायचा तर हातमोजा चालत नाही. म्हणजे माणूस नखशिखान्त झाकतात आणि सगळ्यात पुढे जातो तो अवयव तसाच ठेवतात. ते हात मी पाहिले. जाताना त्याने ते दोनदा पँटच्या बाजूला पुसले.

त्याने सॅकमागे क्ष-किरणाची पाटी उभी केली, यंत्र ठेवलं, परत आला. चित्रात वायरींचा गुंता दिसला. पुन्हा गेला, सॅकच्या पट्ट्यात आकडा अडकवला, परत आला. लांबून दोर ओढला. सॅक आडवी झाली, फरफटली. आत निघाले ओले कपडे, स्टीलचा डबा आणि दोन-तीन चार्जर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. काही जण चक्क हिरमुसले. मी गर्दी पांगल्यावर सहज म्हणून बाकापासून टपरीच्या पायरीपर्यंत चालून पाहिलं. चौतीस पावलं. डोक्यावर काचेच्या बरण्यांची ओळ होती.

बरण्यांचं एवढं काय, असं वाटेल. स्फोटात आगीपेक्षा लांब पोचतो तो हवेचा दाब आणि त्याच्यासोबत सुटलेले तुकडे. बॉम्ब करणारे खिळे, छर्रे मुद्दाम भरतात. उरलेलं काम आजूबाजूच्या खिडक्या, पाट्या, बरण्या करतात. म्हणून मागे सरकायचं म्हणजे निदान शंभर मीटर, जमलं तर त्याहून पुष्कळ जास्त, आणि काचेच्या तावदानापाशी तर मुळीच नाही. मधे पक्की भिंत घ्या. साधा हिशेब लक्षात ठेवा: तुम्हाला बॅग दिसत असेल, तर बॅगेतून उडालेल्या तुकड्यालाही तुमच्यापर्यंत सरळ वाट आहे.

गर्दी हेच कधी कधी ठरवलेलं लक्ष्य असतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये एकामागून एक स्फोट झाले, जखमींना सिव्हिल हॉस्पिटलच्या ट्रॉमा सेंटरकडे आणलं जाऊ लागलं आणि तिथेच पुढचा स्फोट झाला. नातेवाईक, रक्त द्यायला आलेले, मदतीला धावलेले, सगळे तिथे होते. म्हणून एक बॅग सापडली की पथकातली काही माणसं तिच्याकडे पाठ करून उभी राहतात, कचऱ्याचे डबे आणि उभ्या गाड्या बघत. दुसरी कुठे आहे का ते शोधत असतात. त्यांच्या नजरेसमोर आपली दोनशे डोकी आली, तर ते काय बघणार?

हात लावू नका हे वाक्य आपण रेल्वेच्या भोंग्यावर इतक्यांदा ऐकलंय की ते आता कानातून आत जात नाही. पुण्याचे लोक जर्मन बेकरी विसरले नसतील. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवारची संध्याकाळ, एक बेवारस बॅग. कोणीतरी ती उघडू पाहिली आणि स्फोट झाला, असं त्या वेळी सरकारतर्फे सांगण्यात आलं होतं. १७ जणांचा जीव गेला. बॅग उघडून बघणारा माणूस वाईट नसतो, बहुधा कोणाचं तरी हरवलेलं परत करावं एवढंच त्याच्या मनात असतं. तरीही उघडू नका. आणि आपल्याकडे एक जुना समज आहे, की बॉम्ब पाण्याच्या बादलीत टाकला की विझतो. तो फटाका नव्हे. उचलण्याच्या झटक्याने किंवा पाण्याने विजेचं मंडल जुळूनही तो उडू शकतो. पाणी नको, वाळू नको, काठीने ढकलणं नको.

आता उलट बाजूने, न फुटलेल्या बॉम्बांकडे बघा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला. पळताना लोकांनी टाकलेलं सामान नंतर एकत्र करून ठेवलं गेलं. गाड्या सुरू झाल्या, लाखोंची ये-जा सुरू झाली आणि ३ डिसेंबरला त्या ढिगात अतिरेक्यांची बॅग सापडली, आत जिवंत बॉम्ब. आठवडाभर तो तिथेच होता. पथकाने तो निकामी केला. तसंच १९९३ च्या मार्चमध्ये. १२ तारखेच्या स्फोटांत २५७ माणसं गेली हे आपल्याला पाठ आहे. पण झवेरी बाजाराच्या परिसरात आणि दादरच्या नायगावात न फुटलेल्या, आरडीएक्स भरलेल्या स्कूटर उभ्या होत्या हे किती जणांच्या लक्षात आहे? पोलिसांचा झंजीर नावाचा लॅब्रडॉर तेव्हा शोधाला होता. तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढण्याचं श्रेय त्याला देतात. २००० साली तो गेला तेव्हा त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. नवी मुंबईच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात २००८ मध्ये सापडलेला बॉम्बही निकामी झाला. प्रयोगाला जाणाऱ्यांपैकी कोणाला ती तारीख सांगता येईल? न झालेल्या स्फोटाची तारीख कोणी लिहून ठेवत नाही.

गडचिरोलीत या पथकांना रस्त्यावरून पायी पुढे चालावं लागतं, जमिनीवर शोधक यंत्र फिरवत, कुठे माती उकरलेली दिसते का ते बघत. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. तो रस्ता ज्यांना रोज तपासायचा असतो, त्यांच्यासाठी महाराष्ट्र दिन म्हणजे काय असेल, याचा मी विचार करतो. पुण्याजवळ दिघीला संरक्षण संशोधन खात्याच्या संस्थेने 'दक्ष' नावाचं दुरून चालवायचं यंत्र बनवलंय, ते जिने चढतं, क्ष-किरणाने तपासतं, पाण्याचा जोरदार झोत मारून बॉम्बची जुळणी मोडतं. छान आहे. पण एसटी स्टँडच्या बाकाखाली त्या दिवशी माणूसच वाकला होता.

आता एक कडू गोष्ट. खोटे फोन. २०२५ च्या अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सॲपवर संदेश आला: ३४ गाड्यांत मानवी बॉम्ब, ४०० किलो आरडीएक्स. विसर्जनाच्या बंदोबस्तात आधीच पिळून निघालेल्या शहराला तेही तपासणं भाग पडलं. संदेश खोटा निघाला, पाठवणारा नोएडात पकडला गेला. त्याआधी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विमानांना शेकडो खोट्या धमक्या आल्या होत्या. प्रत्येक धमकी खरी समजूनच पथक निघतं, त्याला दुसरा मार्ग नाही. परीक्षा पुढे ढकलावी म्हणून शाळेत बॉम्ब असल्याचा मेल टाकणाऱ्या पोराला हे घरात बसवून सांगा. गुन्हा दाखल होतोच. आणि तो कुत्रा आज तुझ्या शाळेचे वर्ग हुंगून थकला, तर तासाभराने त्याला स्टेशनवर कोण नेणार?

जो व्हिडिओ खरा आहे की नाही हे ठाऊक नाही, तो पुढे ढकलू नका. खरा असला तरी ढकलू नका. पथक कुठून येतंय, कुठे उभं आहे, हे जगाला दाखवायची काही गरज नसते. माझ्या मोबाईलमधलं ते चित्रीकरण मी त्याच रात्री काढून टाकलं. त्याआधी चार जणांना पाठवून झालं होतं, हेही सांगून टाकतो.

गावाकडच्या वाचकांना वेगळं सांगायचंय. तुमच्याकडे बेवारस सॅक क्वचित दिसेल. पण विहिरीच्या कामातून उरलेल्या जिलेटिनच्या कांड्या गोठ्यात खोचलेल्या असतात, डिटोनेटर फडताळात असतात. रानडुकरासाठी पेरलेले गावठी बॉम्ब बांधावर पडलेले असतात, ते गुरं खातात, पोरं चेंडू समजून उचलतात. लष्कराच्या सराव क्षेत्राजवळ राहणाऱ्यांना पितळेच्या भावाचा मोह होतो. न फुटलेला गोळा वर्षानुवर्षं जमिनीत गंजून पडला म्हणून मेलेला नसतो. असं काही असेल तर पोलीस पाटलाला सांगा, ठाण्यात कळवा. चुलीपासून लांब ठेवलंय, हा काही बंदोबस्त नव्हे.

आणि आपापल्या पिशव्या सांभाळा. पथकाला पळवणाऱ्या कितीतरी बॅगा विसरलेल्या असतात. पाच मिनिटांत येतो म्हणून बाकावर ठेवलेल्या, जागा धरायला टाकलेल्या. बॅगेवर आतून-बाहेरून नाव आणि नंबर लिहा. राखाडी सॅकवाल्याला एक फोन गेला असता, तर त्या माणसाला सूट चढवावा लागला नसता. तिचा मालक, कॉलेजातला एक मुलगा, सगळं आटोपल्यावर आला. फरफटून फाटलेली सॅक बघून तो म्हणाला, "काका, डबा तरी धड आहे का?" सूट उतरवलेला तो पोलीस घामाने निथळत जमिनीवर बसला होता. त्याने डबा उचलून दिला.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती आहे. मंडपातून बाहेर पडायच्या दोन वाटा मोकळ्या ठेवा, त्यात प्रसादाची टेबलं आणि कूलर लावू नका. रोज पहाटे आणि आरतीआधी मंडपाखालची, जनरेटरमागची जागा दोघांनी बघून घ्या. आपली माणसं, आपलं सामान ओळखीचं असलं की परकं पटकन डोळ्यात येतं. कोणत्या वाटेने लोक बाहेर काढायचे आणि गाडी आली तर कुठे उभी करायची, ते जवळच्या चौकीत जाऊन या आठवड्यात ठरवून घ्या. आणि पहिल्या दिवशीची आरती झाली की हरवलेल्या पोरांची नावं ज्या माइकवरून पुकारता, त्याच माइकवरून दोन मिनिटं बोला: हात लावू नका, मागे सरका, ११२.