पक्के बिल : ग्राहकाचा हक्क, पेढीचे संरक्षण

‘बिल नको, भाव कमी करा’ हा संवाद बार्शीच्या बाजारपेठेस नवा नाही. त्याचा विचार बहुधा करापुरताच केला जातो. परंतु विकलेली वस्तू सदोष निघून कोणास इजा झाली, तर ती कच्ची चिठ्ठी ग्राहकाइतकीच पेढीलाही महाग पडते.

माल कोठून आला याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिसले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. मूत्रपिंडे निकामी होऊन 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारांपासून औषध प्रशासन व रुग्णालयापर्यंत अनेकांच्या बेपर्वाईवर बोट ठेवले.

त्याच वर्षी डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही त्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला. 2019 च्या नव्या कायद्यात, जो जुलै 2020 पासून लागू आहे, सदोष वस्तूमुळे होणाऱ्या इजेच्या भरपाईसाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

व्यापारी बांधवांनी त्यातील कलम 86 अवश्य वाचावे. दोषाचा भार प्रथम उत्पादकावर असला, तरी उत्पादक कोण हेच ठाऊक नसेल, तर विक्रेता जबाबदार ठरू शकतो. कंपनीचे नाव नसलेला पाणी तापविण्याचा रॉड विकला आणि विजेचा धक्का बसून कोणी जखमी झाले, तर भरपाईचा दावा थेट पेढीवर येतो. वस्तूत स्वतः केलेला फेरफार, कंपनीपेक्षा वेगळी दिलेली हमी, किंवा उत्पादकाच्या सूचना ग्राहकापर्यंत न पोहोचविणे हेही इजेस कारण ठरल्यास अंगाशी येते.

ग्राहकास दूरच्या कारखान्याच्या गावी जावे लागत नाही. बार्शीचा रहिवासी सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मात्र बिल, हमीपत्र, उपचारांची कागदपत्रे आणि ती सदोष वस्तूही जपून ठेवावी. ती दुरुस्तीला देऊन पुरावा नाहीसा करू नये.

विक्रेत्याने घाऊक व्यापाऱ्याचे खरेदी बिल व मालाचा बॅच क्रमांक नोंदून ठेवावा. माल कोठून आला हे त्या नोंदीवरूनच सिद्ध करता येते. पिढ्यांनी मिळविलेली साख चार पैशांच्या कच्च्या चिठ्ठीपायी पणाला लावणे, हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच व्यवहार आहे.