राडारोडा आणि डोंगराची किंमत

मुंबईत जुनी चाळ पाडली जाते, तेव्हा तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या मनोऱ्याची चर्चा होते. तिच्या राडारोड्याचे काय झाले, हे क्वचितच कोणी विचारतो. तो अनेकदा रात्रीच्या ट्रकमधून निघतो आणि खाडीकाठच्या खारफुटीत किंवा एखाद्या गरीब वस्तीलगत जाऊन पडतो. त्याच वेळी नव्या बांधकामासाठी ठाणे-पनवेल पट्ट्यातील डोंगर फोडून खडी आणली जाते. एकीकडे दगड फेकायचा व दुसरीकडे दगड फोडायचा, या दुहेरी नासाडीलाच विकास म्हणण्याची प्रथा पडली आहे.

वास्तविक पडीक काँक्रीटमधून लोखंड, लाकूड व माती वेगळी काढून ते भरडले आणि चाळले की खडी परत मिळते. दिल्लीत बुराडी येथे असे केंद्र २००९ साली सुरू झाले. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ प्रतीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्के आणि एम-१५ हून खालच्या प्रतीत शंभर टक्के वापरण्यास मुभा दिली. म्हणजे अडचण तंत्राची नाही.

लाभ सांगताना अतिशयोक्तीही नको. काँक्रीटमागील कर्बवायूचा मोठा भाग सिमेंटच्या भट्टीत निर्माण होतो; खडी बदलल्याने तो घटत नाही. केंद्र दूर असेल, तर वाहतुकीच्या डिझेलात उरलेला लाभही जळून जातो. खरा लाभ वाचलेल्या डोंगराचा, मोकळ्या राहिलेल्या खाडीचा आणि कचराभूमीवरील कमी झालेल्या भाराचा आहे.

मग हा व्यवहार वाढत का नाही? कारण खाणीची खडी स्वस्त भासते. सुरुंगांनी तडे गेलेली घरे, आटलेल्या विहिरी आणि खाणमजुरांच्या फुप्फुसांत साचणारी धूळ यांची किंमत तिच्या दरात धरलेली नसते. ती गावे आणि मजूर भरतात. नफा मात्र खाणमालक आणि बिल्डर यांच्या पदरी पडतो. बाजार म्हणून जे सांगितले जाते, ते प्रत्यक्षात गरिबांनी श्रीमंतांना दिलेले अनुदान आहे.

केवळ नियमांनी हे बदलत नाही. सरकारी व पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के पुनर्निर्मित साहित्य वापरण्याची अपेक्षा २०१६ च्या केंद्रीय नियमांतच होती. ती निविदांत उतरली की नाही, हे प्रत्येक पालिकेत विचारले पाहिजे. प्रत्येक विभागात संकलन केंद्र, पाडकामाच्या परवान्यापूर्वी राडारोड्याचा हिशेब, आणि भरडकेंद्रांतील कंत्राटी कामगारांना धुळीपासून संरक्षण व कायम नोकरी, या मागण्या एकत्रच मांडाव्या लागतील. डोंगर वाचवताना मजुराचे फुप्फुस पणाला लागणार असेल, तर ते पर्यावरणरक्षण नव्हे. ती फक्त शोषणाची जागाबदल आहे.